वारीत खिशातला कॅमेरा: वेग, बॅटरी आणि कार्डाची घरीच करायची तयारी

चांदोबाचा लिंब. लोणंदहून तरडगावला जाताना माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण इथे होतं. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा आणि मधून अश्वांना वाट. मी रांगेत अगदी पुढे उभी होते, कॅमेरा सुरू करून डोळ्यांसमोर धरलेला. आधी स्वाराचा अश्व आला, मागोमाग माउलींचा. मी बटण दाबलं. भिंग जरा पुढे गेलं, जरा मागे आलं, मग आवाज झाला. फोटोत समोरच्या रांगेतले उंचावलेले हात आले, आणि डाव्या कोपऱ्यात शेपटीचा झुपका. शेजारच्या आजी म्हणाल्या, "माउली, घोडा कवाच गेला."

त्याच दुपारी बॅटरीची खूण लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी फलटणला कार्ड भरलं. कॅमेरा चांगला होता. खिशात मावणारा, २० मेगापिक्सेलचा. चूक एवढीच झाली होती की तो खोक्यातून निघाला त्याच सेटिंगवर मी वारीला नेला. पुढच्या वर्षी तोच कॅमेरा नेला, पण निघण्याआधी दोन संध्याकाळी त्याच्यासोबत बसले. त्या दोन संध्याकाळी काय केलं ते इथे लिहिते आहे. वारीला नाही, कासच्या पठारावर किंवा घरच्या लग्नात नेणार असलात, तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: वेग, बॅटरी आणि कार्ड ही तीन वेगळी दुखणी नाहीत. कार्ड मंद असेल तर कॅमेरा लिहीत बसतो आणि पुढचा फोटो अडतो. फ्लॅश चालू राहिला तर बॅटरीही जाते आणि वेळही. म्हणून एकाच बैठकीत तिन्ही बघायची.

पहिली संध्याकाळ: उशीर नेमका कुठे होतो?

"कॅमेरा स्लो आहे" एवढं म्हणून भागत नाही. सुरू व्हायला लागणारा वेळ, फोकसला लागणारा वेळ, बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष फोटो निघेपर्यंतचा वेळ, आणि पुढच्या फोटोसाठी तयार व्हायला लागणारा वेळ, हे चार वेगवेगळे उशीर आहेत. घोडा निसटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या उशिरात.

हे घरी मोजता येतं. फोनवर स्टॉपवॉच सुरू करा आणि फोन टेबलावर टेकवून उभा करा. कॅमेरा दोन-तीन फुटांवर धरा. आकडा बरोबर १० सेकंदांवर आला की बटण एका दमात पूर्ण दाबा. फोटोत कोणता आकडा आला ते लिहून ठेवा. शेवटचा आकडा पुसट येईल, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वाचलंत तरी पुरे. असं पाच वेळा करा. मग दुसरी फेरी: आकडा १८ वर असतानाच बटण अर्धं दाबून धरा, फोकसची हिरवी चौकट येऊ द्या, आणि २० ला उरलेलं दाबा. हेही पाच वेळा. तुमच्या बोटाला लागणारा वेळ दोन्ही फेऱ्यांत सारखाच आहे, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे कॅमेऱ्यानं फोकस शोधण्यात घालवलेला वेळ.

माझ्या वहीत हा फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास निघाला. भरधाव घोडा सेकंदाला दहा मीटरच्या वर जातो. अर्ध्या सेकंदात पाच मीटर. शेपटीचा झुपका का आला ते त्या टेबलावर कळलं.

आता उपाय, ज्या क्रमाने फायदा होतो त्या क्रमाने.

अर्धं बटण दाबायची सवय ही सगळ्यात मोठी. बोटाला ती जागा सापडेपर्यंत घरात पन्नासेक वेळा करून बघा. बटण हलकं अडतं तिथे थांबायचं, फोकस बसला की वाट पाहायची आणि क्षण आला की पुढे दाबायचं. कॅमेऱ्याचं काम आधीच झालेलं असतं, उरतो तो फक्त अगदी छोटा उशीर.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे फोकस आधीच बांधून ठेवणं. उभ्या रिंगणात घोडा कुठून जाणार हे माहीत असतं. घोडा यायच्या आधी त्या वाटेवरच्या जमिनीवर किंवा तेवढ्याच अंतरावरच्या माणसावर फोकस करा आणि मेनूतून तो लॉक करा. ही सोय नसेल तर बटण अर्धं दाबूनच उभे राहा. छोट्या कॅमेऱ्याचं सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला भाग, लहान असतं आणि त्याचा इथे फायदा होतो: झूम पूर्ण मागे घेऊन फोकस दोन-अडीच मीटरवर बांधला, तर साधारण एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येतं. एक इंची सेन्सर असेल तर छिद्र, म्हणजे भिंगातून प्रकाश यायची वाट, एफ ४ वर ठेवा. एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. दिवेघाटात सगळी वाट माणसांनी भरलेली असते, तिथे मी फोकसकडे बघतही नाही. असाच बांधून ठेवते.

फोकसची चौकट मधली एकच ठेवा. कॅमेऱ्याला सगळ्या फ्रेमभर शोधायला लावलं की तो पताका, टाळ, पुढच्या माणसाचा फेटा, यांतलं काहीही निवडतो.

झूम शक्यतो मागे ठेवा आणि पायांनी जवळ जा. झूम पुढे गेला की भिंगातून येणारा प्रकाश कमी होतो. उदाहरणच घ्यायचं तर कॅनन एसएक्स७४० एचएसचं भिंग मागे असताना एफ ३.३ असतं आणि पूर्ण पुढे गेल्यावर एफ ६.९. म्हणजे प्रकाश चौथा हिस्साही उरत नाही. आषाढातल्या ढगाळ दुपारी त्यामुळे फोकसही चाचपडतो आणि फोटोही हलतो. डिजिटल झूम तर बंदच करून टाका. त्यात नवीन तपशील काहीच मिळत नाही, नंतर कापून तेच करता येतं.

शटरचा वेग, म्हणजे एका फोटोसाठी प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते, स्वतः ठरवा. मोड डायलवर त्यासाठीचा एस (S) किंवा टीव्ही (Tv) असेल तर धावत्या घोड्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग, चालत्या दिंडीसाठी अडीचशेवा. आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर, पण वरची मर्यादा बांधून: एक इंची सेन्सरला १६००, त्याहून लहान असेल तर ८००. डायल नसेल तर खेळाचा किंवा लहान मुलांचा सीन मोड लावा, तो हेच काम करतो.

मग बंद करायच्या गोष्टी. फ्लॅश, कारण उघड्या माळावर तो चार-पाच मीटरच्या पुढे पोचत नाही आणि प्रत्येक वेळी पुन्हा भरायला वेळ घेतो. लाल डोळे घालवणारी सोय, कारण ती मूळ फोटोआधी दिवा लावून थांबते. फोकससाठी लागणारा पुढचा नारिंगी दिवा. कीर्तनात तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ते बरं दिसत नाही. आणि काढलेला फोटो पडद्यावर दोन सेकंद दाखवणं. ती दोन सेकंद तुम्हाला समोरचं काही दिसत नाही.

राहिला सलग फोटोंचा प्रश्न. सलग मोडमध्ये फोटो आधी कॅमेऱ्यातल्या तात्पुरत्या मेमरीत साठतात आणि तिथून कार्डावर उतरतात. ही मेमरी भरली की वेग एकदम पडतो, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि बटण दाबून काही होत नाही. २० मेगापिक्सेलचा जेपीईजी, म्हणजे नेहमीची दाबून लहान केलेली फाइल, साधारण ६ ते ८ एमबीचा; रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, त्याच्या तिप्पट. म्हणून रिंगणासाठी रॉ बंद, फक्त जेपीईजी. आणि बटण दाबून धरून ठेवू नका. घोडा ठरलेल्या जागी यायच्या किंचित आधी सुरू करा, चार-पाच फोटो झाले की बोट उचला. बहुतेक छोटे कॅमेरे सर्वांत वेगवान सलग मोडमध्ये पहिल्या फोटोचाच फोकस पुढे चालवतात, त्यामुळे आधी बांधलेला फोकस इथे उत्तम जमतो.

दुसऱ्या वर्षी त्याच लिंबापाशी मी चार फोटो काढले. तिसऱ्यात माउलींचा अश्व मधोमध आहे, चारही पाय जमिनीच्या वर, आणि पाठीमागच्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटून हात जोडून उभा. घोडा बघायला आलेला माणूस घोडा आला तेव्हा डोळे मिटतो, हे मला फोटो पाहिल्यावर दिसलं.

दुसरी संध्याकाळ, पहिला अर्धा भाग: बॅटरी

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रात "इतके फोटो" असा बॅटरीचा आकडा असतो. कॅनन जी७ एक्स मार्क टूला २६५, सोनी आरएक्स१०० मार्क सेव्हनला २६०, रिको जीआर थ्रीला २००. हा आकडा जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेनं ठरवून दिलेल्या चाचणीतून येतो. दर ३० सेकंदांनी एक फोटो, एक आड एक फोटोला फ्लॅश, दर वेळी झूम हलवायचा, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायचा. फ्लॅश न वापरता पटापट फोटो काढणाऱ्याला यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. व्हिडिओ काढणाऱ्याला आणि रात्री तंबूत सगळ्यांना फोटो दाखवणाऱ्याला कमी. तेव्हा हा आकडा दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला वापरा, दिवसाचा हिशेब करायला नाही. दिवसाचा हिशेब तुमचा तुम्ही काढा: एक रविवार कॅमेरा घेऊन फिरा, बॅटरी संपेपर्यंत.

सगळ्यात जास्त खातो तो पडदा. त्याची उजेडपातळी मधल्या खुणेवर आणा, भर उन्हातच वर करा. त्यानंतर खातात ते वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस. फोनशी जोडून ठेवायची सवय असते, पण कॅमेरा बंद असतानाही ब्लूटूथ थोडं थोडं पीत राहू शकतो. विमान मोड असेल तर तो लावून टाका. सतत फोकस शोधत राहण्याची सोय बंद केली की मोटरही शांत होते.

एक बारीक गोष्ट, जी मला उशिरा समजली. बॅटरी वाचवायची म्हणून मी दर फोटोनंतर कॅमेरा बंद करायची. पण सुरू होताना भिंग बाहेर येतं, बंद होताना आत जातं, त्यात मोटर चालते आणि सुरू होण्याचा उशीर पुन्हा पदरी पडतो. त्यापेक्षा मेनूत पडदा बंद होण्याची वेळ आणि कॅमेरा बंद होण्याची वेळ वेगवेगळी असेल तर पहिली ३० सेकंद ठेवा, दुसरी तीन मिनिटं. भिंग बाहेरच राहतं, बटणाला हात लावला की पडदा लगेच उजळतो. फक्त धुळीच्या रस्त्यावर, रथाच्या मागे चालत असाल तर मात्र बंद करून पिशवीतच ठेवा. भिंगाच्या नळीत गेलेली बारीक माती ही बॅटरीपेक्षा महाग पडते.

आणि काढलेले फोटो बघायचे असतील तर चालू-बंदचं बटण न दाबता प्लेचं बटण दाबून कॅमेरा सुरू करा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तसं केलं की भिंग बाहेर येत नाही.

जादा बॅटऱ्या किती? वारीसारख्या प्रवासात कॅमेऱ्यातली धरून तीन. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असं लिहा आणि त्याच क्रमाने वापरा, म्हणजे एखादी लवकर दमत असेल तर लगेच लक्षात येते. भरलेली बॅटरी टोपी लावून, संपलेली बिनटोपीची, असा माझा नियम. टोपी नसेल तर छोट्या डबीत ठेवा. किल्ल्या-नाण्यांच्या खिशात सुटी बॅटरी टाकू नका, टोकं जुळली तर तापते. स्वस्तातली दुसऱ्या बनावटीची बॅटरी घेतली तर तिच्यावर लिहिलेल्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तेवढ्याच आकाराच्या मूळ बॅटरीवर १२५० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असताना हिच्यावर २००० असेल तर तो आकडा खरा नाही. फुगलेली, खणात घट्ट बसणारी बॅटरी कॅमेऱ्यात घालूच नका.

पॉवर बँकेचा हिशेब असा. १०,००० मिलिअँपिअर-तासाची बँक ३.७ व्होल्टनं म्हणजे ३७ वॉट-तास. १२५० ची कॅमेऱ्याची बॅटरी ३.६ व्होल्टनं म्हणजे साडेचार. भागाकार आठ येतो, पण उष्णतेत आणि व्होल्टेज बदलताना वाया जाणारं धरलं तर हातात पाच-सहा वेळाच येतं. फोनही त्यावरच असेल तर दोन-तीन. यूएसबीवर चालणारा सुटा चार्जर घ्या, म्हणजे एक बॅटरी भरत असताना कॅमेरा दुसरीवर चालू राहतो. मुक्कामावर एकाच खटक्यावर वीस फोन लागलेले असतात, तिथे पहाटे तीनला जागा मिळते. पालखी पहाटे लवकर उठते, त्यामुळे तसंही तीनला जाग येतेच. विमानानं येणाऱ्यांसाठी: सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच, खाली देण्याच्या बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची मर्यादा आपल्या बँकेला सहज पुरते.

लिथियम बॅटरी "पूर्ण संपवूनच चार्ज करावी" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला तो उलट अपाय करतो. अर्धी असताना लावा, काही बिघडत नाही. तिचा खरा शत्रू उष्णता, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पुढे कधी हिमालयात गेलात तर ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीनं मेल्यासारखी वाटणारी बॅटरी उबेला पुन्हा थोडं चालते.

घरात जुना, पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा पडला असेल तर साध्या अल्कलाइन सेलवर त्याचा निकाल लावू नका. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर तो कितीतरी जास्त चालतो.

उरलेला अर्धा भाग: कार्ड

दुकानात कार्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. आपल्याला लिहिण्याचा वेग हवा, आणि तो छोट्या खुणांत लपलेला असतो. गोलातला १० किंवा इंग्रजी यू अक्षरातला १ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. यूमधला ३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. खिशातल्या कॅमेऱ्याला व्ही३० पुरतं, फोर-के व्हिडिओलासुद्धा. मागे धातूच्या पट्ट्यांची दुसरी रांग असलेली महागडी यूएचएस-टू कार्डं घेऊ नका. ज्या कॅमेऱ्यात त्या रांगेसाठी जोड नाही तिथे ती साध्या कार्डाच्याच वेगाने चालतात, आणि बहुतेक छोटे कॅमेरे असेच आहेत.

कॅमेरा जुना असेल तर घेण्याआधी त्याच्या पुस्तिकेत बघा. नुसतं एसडी लिहिलं असेल तर २ जीबीपर्यंत, एसडीएचसी असेल तर ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी असेल तर त्याच्यावर. चुकीचं कार्ड घातलं की कॅमेरा "कार्ड त्रुटी" दाखवतो आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून टाकून देतात.

किती लागेल? ६४ जीबीच्या कार्डात ७ एमबीचे आठ-नऊ हजार फोटो मावतात. तेव्हा फोटोंनी कार्ड भरत नाही, व्हिडिओनं भरतं. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटच्या दरानं असेल तर मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटं. तोच १०८०पीला (फुल एचडी) ३५ मेगाबिटनं घेतला तर मिनिटाला २६० एमबी, चार तास. फलटणला माझं कार्ड भरलं ते भजनाच्या दोन लांब फोर-के व्हिडिओंनी. भजनात ऐकायचं असतं, १०८०पी पुरे होतं. माझ्या मते २५६ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन-तीन घ्यावीत. एक हरवलं तर सगळी वारी जात नाही.

कार्ड आणल्यावर आधी ते खरं आहे का ते तपासा. खोट्या आकड्याची कार्डं बाजारात आहेत. ती ६४ दाखवतात, आत असतं ८, आणि त्याच्या पुढचे फोटो नुसते नावाला दिसतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून वाचून बघतात. तासभर लागतो, पण एवढा तास द्याच.

मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. मेनूत फाइलचे क्रमांक "सलग" ठेवा. नाहीतर प्रत्येक कार्डावर ०००१ पासून सुरुवात होते आणि घरी एकत्र करताना एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर बसतात. तारीख आणि वेळ फोनशी जुळवा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली असेल तर घड्याळ शून्यावर गेलेलं असतं.

रस्त्यात चालता चालता नकोसे फोटो पुसत बसू नका. पडदा चालू राहतो, बॅटरी जाते, आणि घाईत हवा तोच फोटो जातो. तसं झालंच तर एकच करायचं: त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही. कार्ड बाहेर काढा, बाजूची बारीक खटकी खाली सरकवून लॉक करा आणि घरी फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा. वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर पुसलेले फोटो बहुधा परत मिळतात. लाल दिवा लुकलुकत असताना मात्र कार्डाचं झाकण उघडायचं नाही, बॅटरी तर नाहीच.

मुक्कामावरचं रोजचं काम

तंबूत पाय शेकून झाले की माझा क्रम ठरलेला असतो. आधी हात कोरडे. पावसानं भिजलेला कॅमेरा असेल तर तो मऊ पंच्याने टिपायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा, झाकण न उघडता. मग कार्ड काढून छोट्या कार्ड रीडरमधून फोनवर फोटो उतरवायचे आणि फोनवरून पेनड्राइव्हवर. वायफायनं उतरवत नाही, फार वेळ लागतो आणि दोन्ही बॅटऱ्या जातात. तुमचा फोन ६४ जीबीचं कार्ड वाचतो का हे घरीच लावून बघा, काही फोन अशा कार्डांवरची एक्सफॅट ही फाइल-रचना वाचत नाहीत. फोटो दोन ठिकाणी उतरले आणि दोन-चार उघडून पाहिले, की मगच कार्ड फॉरमॅट. पेनड्राइव्ह माझ्याकडे नाही, दिंडीतल्या दुसऱ्या माउलींच्या पिशवीत असतो. शेवटी संपलेली बॅटरी चार्जरला, भरलेली कॅमेऱ्यात, आणि फोकसचं लॉक काढून ठेवायचं, नाहीतर सकाळचे पहिले फोटो धूसर येतात.

पंढरपूरहून घरी आल्यावर बॅटरी कॅमेऱ्यातून बाहेर काढा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, आणि दिवाळीत एकदा काढून बघा.